कुंटा किंटे खरंच होता का? पूर्वजांच्या शोधात निघालेल्या ॲलेक्स हेलींची गोष्ट

२९ सप्टेंबर १९६७. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातलं ॲनापोलिस बंदर. ४६ वर्षांचा एक कृष्णवर्णीय लेखक धक्क्यावर पाण्याकडे बघत उभा होता. बरोबर २०० वर्षांपूर्वी, २९ सप्टेंबर १७६७ ला, ‘लॉर्ड लिगोनियर’ नावाचं जहाज याच बंदराला लागलं होतं. आफ्रिकेतल्या गांबिया नदीवरून ते निघालं तेव्हा त्यात १४० गुलाम होते. पोहोचले ९८. त्या ९८ जणांमध्ये आपल्या आजीच्या पणजीचा बाप होता, अशी या लेखकाची खात्री झाली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

या लेखकाचं नाव ॲलेक्स हेली. पुढे नऊ वर्षांनी त्यांचं ‘रूट्स’ हे पुस्तक आलं आणि कुंटा किंटे हे नाव जगभर पोहोचलं. आज लोक मोबाइलवर आपली वंशावळ शोधतात, डीएनए किट मागवतात, जुन्या नोंदींचे फोटो व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर टाकतात. सामान्य घरातल्या माणसालाही आपले पूर्वज शोधता येतात, हे कोट्यवधी लोकांच्या मनात ज्यांनी रुजवलं त्यांत हेलींचं नाव पहिलं घ्यावं लागतं.

पण पुस्तक आल्यावर काही वर्षांतच तेच कागद दुसऱ्या अभ्यासकांनी तपासले. त्यांना वेगळंच काही दिसलं.

ओसरीवरच्या गप्पा

हेलींचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावातला. वडील सायमन तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते, पुढे ते शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले. छोटा ॲलेक्स मात्र आईच्या माहेरी, टेनेसी राज्यातल्या हेनिंग गावात वाढला. आजोबा विल पामर यांचा तिथे लाकडाचा धंदा होता. त्या काळात दक्षिणेतल्या एका काळ्या माणसाची स्वतःची वखार असणं ही साधी गोष्ट नव्हती.

१९२६ मध्ये आजोबा गेले. आजी सिंथिया एकटी पडली, तेव्हा तिच्या बहिणी आणि इतर नातेवाईक बायका उन्हाळ्यात राहायला येऊ लागल्या. संध्याकाळी जेवणं झाली की सगळ्या घरासमोरच्या ओसरीवर बसायच्या आणि घराण्याच्या गोष्टी निघायच्या. ॲलेक्स तिथेच कुठेतरी पायाशी बसून ऐकायचा.

गोष्टीची सुरुवात एका आफ्रिकन माणसापासून व्हायची. ढोलासाठी लाकूड तोडायला रानात गेला असताना त्याला पकडलं, जहाजात घालून ‘नॅपलिस’ नावाच्या ठिकाणी आणलं. मालकाने टोबी नाव ठेवलं, पण तो आपलं नाव ‘किंटे’ असंच सांगायचा. चार वेळा पळाला, चौथ्या वेळी पकडणाऱ्यांनी त्याचं अर्धं पाऊल तोडलं. त्याला एक मुलगी झाली, किझी. तिला तो आपल्या भाषेतले शब्द शिकवायचा. तंतुवाद्य दिसलं की म्हणायचा ‘को’, आणि व्हर्जिनियातली नदी दिसली की ‘कांबी बोलोंगो’.

किझीला लहानपणीच विकलं गेलं. तिचा मुलगा जॉर्ज कोंबड्यांच्या झुंजी लावण्यात पटाईत होता, म्हणून त्याला सगळे ‘चिकन जॉर्ज’ म्हणत. जॉर्जचा मुलगा टॉम मरे हा लोहार. गुलामगिरी संपल्यावर हे कुटुंब इतरांसोबत घोडागाड्या जोडून हेनिंगला आलं. या टॉमची मुलगी म्हणजे सिंथिया, हेलींची आजी. आफ्रिकेतून आलेल्या माणसापासून ॲलेक्सपर्यंत मोजल्या तर सात पिढ्या.

सात पिढ्यांची गोष्ट तोंडी सांभाळणारं घर कुठेही विरळाच. त्यात गुलामगिरीने नवरा-बायको, आई-मुलं यांना वेगवेगळ्या बाजारात विकलेलं. म्हणूनच या गोष्टीची किंमत मोठी होती.

जहाजावरचा पत्रलेखक

हेलींचं कॉलेजात मन रमलं नाही. १९३९ मध्ये ते अमेरिकेच्या तटरक्षक दलात भरती झाले. काळ्या माणसांना तेव्हा तिथे जेवण वाढणं, भांडी उचलणं अशीच कामं मिळायची. हेली मेस अटेंडंट झाले. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरात महिनोन् महिने जहाजावर काढताना त्यांनी टाइपरायटर काढला आणि सोबतच्या खलाशांना त्यांच्या प्रेयसींसाठी पत्रं लिहून देऊ लागले. पत्रं चांगली लागू पडायची म्हणे. हात तिथेच बसला. पुढे तटरक्षक दलाने त्यांच्यासाठी पत्रकाराचं पद तयार केलं आणि १९५९ मध्ये ते मुख्य पत्रकार म्हणून निवृत्त झाले.

मग पूर्णवेळ लेखन. ‘प्लेबॉय’ मासिकाच्या प्रसिद्ध मुलाखतींची मालिका १९६२ मध्ये सुरू झाली ती हेलींनी घेतलेल्या माइल्स डेव्हिस यांच्या मुलाखतीने. १९६५ मध्ये त्यांनी शब्दांकन केलेलं माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र आलं. या एका पुस्तकावरही त्यांचं नाव राहिलं असतं. पण डोक्यात ओसरीवरची गोष्ट घोळतच होती.

मायक्रोफिल्ममधलं एक कुटुंब

लंडनला एका कामासाठी गेले असताना हेलींनी ब्रिटिश म्युझियममध्ये रोझेटा शिळा पाहिली. एका शिळेवर तीन लिप्या. ओळखीच्या ग्रीक मजकुराच्या आधाराने न वाचता येणारी लिपी कशी सुटली, हे ऐकताना त्यांना घरातले ते विचित्र शब्द आठवले. ‘को’, ‘कांबी बोलोंगो’, ‘किंटे’. हे कुठल्यातरी खऱ्या भाषेतले शब्द असतील तर?

१९६० च्या दशकाच्या मध्यावर एक दिवस ते वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात शिरले आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या अलामान्स काउंटीच्या १८७० च्या जनगणनेच्या मायक्रोफिल्म मागितल्या. आजीने सांगितलेली हीच काउंटी.

१८७० हे साल नीट समजून घ्यायला हवं, कारण आफ्रिकन-अमेरिकन वंशावळीची सगळी गाडी इथेच अडते. अमेरिकेत दर १० वर्षांनी जनगणना होते. पण १८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते आणि त्यांत मालकाचं नाव लिहिलं जायचं, गुलामाचं नाही. गुलाम म्हणजे वय, लिंग आणि रंग असलेली एक ओळ. १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. त्यामुळे १८७० ही पहिली जनगणना, ज्यात या लाखो माणसांची नावं आणि आडनावं लिहिली गेली. त्याच्या मागे गेलं की नाव गायब. वंशावळ शोधणारे याला ‘१८७० ची भिंत’ म्हणतात.

हेली यंत्राचं हँडल फिरवत राहिले. एकामागून एक अनोळखी नावं. कंटाळून उठायच्या बेतात असताना एक नोंद समोर आली : टॉम मरे, कृष्णवर्णीय, लोहार. बायको आयरीन. खाली मुलांची नावं. त्यात एलिझाबेथ, वय ६. म्हणजे ओसरीवर बसून गोष्टी सांगणारी त्यांच्या आजीची मोठी बहीण! आजी सिंथिया स्वतः यादीत नव्हती, तिचा जन्म त्यानंतरचा.

‘रूट्स’च्या संपूर्ण शोधातला हा सगळ्यात भक्कम क्षण, असं माझं मत आहे. घरात ऐकलेली गोष्ट आणि सरकारी कागद, एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन पुरावे इथे एकाच कुटुंबाकडे बोट दाखवत होते. केवळ नाव जुळलं नव्हतं. गाव, धंदा, बायको, मुलांची नावं आणि वयं सगळं एकत्र जुळलं होतं.

जुफुरेचा म्हातारा

आता आफ्रिका गाठायची होती. ओसरीवर बसणाऱ्या बायकांपैकी जॉर्जिया ही एकच नातेवाईक हयात होती. कॅन्सस सिटीत जाऊन हेलींनी तिच्याकडून गोष्ट पुन्हा ऐकली. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत जाऊन ते भेटेल त्या आफ्रिकन माणसाला ते शब्द ऐकवायचे. बरेच जण वेडा समजून निघून जायचे. शेवटी विस्कॉन्सिन विद्यापीठातले मौखिक इतिहासाचे मोठे अभ्यासक यान व्हान्सिना यांनी धागा दिला. शब्द मँडिंका भाषेतले वाटतात, ‘बोलोंगो’ म्हणजे नदी आणि ‘कांबी बोलोंगो’ म्हणजे बहुधा गांबिया नदी.

गांबियात ‘ग्रिओ’ असतात. आपल्याकडच्या भाटांसारखे. घराण्यांचा इतिहास पिढ्यान् पिढ्या पाठ असलेले. हेली गांबियात गेले, राजधानीत लोकांना भेटले, सगळ्यांना आपली गोष्ट सांगितली आणि किंटे घराण्याचा इतिहास जाणणारा कोणी आहे का ते शोधायला सांगून परतले. काही काळाने निरोप आला : सापडला.

१९६७ मध्ये होडीने नदी चढून ते जुफुरे गावात पोहोचले. केब्बा फोफाना नावाचा वृद्ध गावकऱ्यांच्या घोळक्यात बोलू लागला. बराच वेळ किंटे वंशाची नावं सांगितल्यावर तो म्हणाला की राजाचे सैनिक आले त्या सुमारास ओमोरोचा मोठा मुलगा कुंटा लाकूड तोडायला गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. हेलींच्या अंगावर काटा आला. हेच तर ते हेनिंगच्या ओसरीवर ऐकत आले होते.

मग राजाचे सैनिक कधी आले हे त्यांनी ब्रिटिश कागदांत शोधलं. साल निघालं १७६७. त्या वर्षी गांबियाहून ॲनापोलिसला गेलेलं जहाज शोधलं. निघालं ‘लॉर्ड लिगोनियर’. मेरीलँडच्या वृत्तपत्रात ऑक्टोबर १७६७ मध्ये त्या जहाजातून आलेल्या गुलामांच्या विक्रीची जाहिरात सापडली. आणि व्हर्जिनियातल्या स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीत ५ सप्टेंबर १७६८ चा एक दस्त मिळाला. जॉन वॉलर याने आपल्या भावाला, विल्यम वॉलरला मालमत्ता लिहून दिली होती, त्यात टोबी नावाचा एक गुलाम होता.

ओसरीवरच्या बायकांची गोष्ट, ग्रिओ, जहाज, जाहिरात, दस्त. साखळी पूर्ण झाली. निदान तसं वाटलं.

आठ रात्री

पुस्तक लिहायला अनेक वर्षं गेली. ‘रीडर्स डायजेस्ट’ने प्रवासाला पैसे दिले, प्रकाशकाने मुदती वाढवून दिल्या, हेली व्याख्यानं देत फिरत राहिले आणि कर्जात बुडाले. जहाजाच्या तळात कोंबलेल्या माणसाला काय वाटलं असेल हे कळावं म्हणून आफ्रिकेहून येणाऱ्या एका मालवाहू जहाजाच्या तळात रात्री उघड्या अंगाने फळ्यांवर आपण झोपायचो, असं ते सांगत.

१९७६ मध्ये ‘रूट्स’ आलं आणि विक्रीचे सगळे अंदाज चुकले. २३ ते ३० जानेवारी १९७७ अशा सलग आठ रात्री एबीसी वाहिनीने त्याची मालिका दाखवली. शेवटचा भाग सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या २२ कोटींच्या आसपास होती. त्याच वर्षी हेलींना विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

त्याहून मोठी गोष्ट मात्र पडद्याबाहेर घडली. लोक अभिलेखागारांच्या आणि ग्रंथालयांच्या दारात उभे राहू लागले. तोवर वंशावळ हा अमेरिकेत बराचसा गोऱ्या, जुन्या, खानदानी कुटुंबांचा छंद होता. आपले पूर्वज अमुक जहाजाने आले हे मिरवण्याचा. आता लोहाराचे, स्वयंपाकिणीचे, शेतमजुराचे नातू-पणतू मायक्रोफिल्म मागू लागले. १९७७ मध्येच वॉशिंग्टनमध्ये आफ्रो-अमेरिकन हिस्टॉरिकल अँड जिनिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्या शाखा आजही गावोगाव नवख्यांना कागद वाचायला शिकवतात.

दुसऱ्यांनी कागद उघडले तेव्हा

एप्रिल १९७७ मध्ये, म्हणजे मालिका संपून तीन महिनेही झाले नव्हते, लंडनच्या ‘संडे टाइम्स’चे पत्रकार मार्क ऑटवे यांनी गांबियात जाऊन चौकशी केली. फोफाना हा परंपरेने ग्रिओ नव्हताच. शिवाय हेलींना काय ऐकायचं आहे, हे त्याला भेटण्याआधीच सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कारण हेलींनीच ती गोष्ट राजधानीत सांगून ठेवली होती. म्हणजे जुफुरेत ऐकलेला पुरावा स्वतंत्र राहिलाच नव्हता. आपलाच आवाज डोंगराला आपटून परत यावा तसं झालं. इतिहासकार डोनाल्ड राइट यांनी पुढे स्वतः फोफानाला भेटून जे लिहिलं तेही याच दिशेचं होतं.

१९७७ मध्ये हॅरल्ड कूरलँडर या लेखकाने खटला भरला. त्यांच्या १९६७ च्या ‘द आफ्रिकन’ या कादंबरीतले उतारे ‘रूट्स’मध्ये आल्याचा आरोप होता. हेलींनी काही मजकूर आल्याचं मान्य केलं आणि ६ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड झाली. ही बाब गंभीर आहे, पण ती लेखक म्हणून. वंशावळीचा प्रश्न वेगळा.

त्याला खरा धक्का बसला १९८१ मध्ये. गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शॉन मिल्स या दांपत्याने व्हर्जिनियातले मूळ कागद पुन्हा तपासले. हेलींनी १७६८ चा दस्त सापडल्यावर समाधान मानलं होतं. मिल्स दांपत्य त्याच्या मागे आणि पुढेही गेलं. तेव्हा दिसलं की वॉलर कुटुंबाच्या कागदांत टोबी हा गुलाम १७६२ पासूनच आहे. ‘लॉर्ड लिगोनियर’ बंदराला लागण्याआधी पाच वर्षं! आणि १७८२ पर्यंत तो कागदांतून नाहीसा झालेला आहे. हेलींच्या पुस्तकात त्याच्या मुलीचा, किझीचा जन्म मात्र १७९० चा.

म्हणजे जहाज खरं. जाहिरात खरी. दस्तही खरा. त्यातला टोबीही खरा. फक्त तो जहाजातून आलेला कुंटा असू शकत नव्हता, आणि किझीचा बापही.

हेलींनी टीका मनाला लावून घेतली. आपलं पुस्तक तथ्य आणि कल्पना यांचं मिश्रण आहे, आपल्या माणसांना एक मूळकथा द्यायची होती, अशी त्यांची भूमिका राहिली. त्यात तथ्य आहे. ज्या समाजाची नावंच नोंदवली गेली नाहीत त्याने पुरावा आणायचा कुठून? पण तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही लागू होते. ज्यांची नोंदच मुळात तुटपुंजी आहे, त्यांच्या वाट्याला आलेला एकेक कागद जास्त जपून वाचायला हवा. मिल्स दांपत्याने केलं ते हेच, आणि ते हेलींशी वैर म्हणून केलं असं मला वाटत नाही. एलिझाबेथ मिल्स यांचा पुराव्यांची नोंद कशी करावी यावरचा जाडजूड ग्रंथ आज अमेरिकेत वंशावळ अभ्यासणाऱ्यांच्या टेबलावर असतो.

आज हेली शोधायला बसले असते तर

‘फॅमिलीसर्च’ या वेबसाइटवर फुकट खातं काढून टॉम मरे, लोहार, अलामान्स काउंटी असं टाकलं की १८७० चं पान घरबसल्या समोर येऊ शकतं. ही साइट १९९९ मध्ये सुरू झाली. ती चालवतो मॉर्मन पंथ. आपल्या पूर्वजांसाठी धार्मिक विधी करता यावेत म्हणून या पंथाने १८९४ मध्ये युटा राज्यात वंशावळ संस्था काढली आणि १९३८ पासून जगभरातल्या नोंदींच्या मायक्रोफिल्म करायला घेतल्या. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही फोटो त्यांनी घेतलेत. आधी या फिल्म पंथाच्या स्थानिक कौटुंबिक इतिहास केंद्रात मागवून बघाव्या लागत. २०१७ मध्ये फिल्म पाठवणं बंद झालं, कारण बहुतेक सगळं ऑनलाइन येत होतं.

मग केंद्रांची गरज काय राहिली? बरीच. काही नोंदींचे फोटो करारामुळे फक्त केंद्रातल्या किंवा संलग्न ग्रंथालयातल्या संगणकावरच उघडतात. ‘ॲन्सेस्ट्री’सारख्या पैसे घेणाऱ्या साइट्स तिथे सहसा फुकट वापरता येतात. मुख्य म्हणजे तिथे माणसं बसलेली असतात. काउंटीच्या हद्दी कधी बदलल्या, अमुक साली त्या भागातलं मृत्युपत्र कुठल्या कोर्टात नोंदलं जायचं, जुन्या अक्षरातला ‘एस’ कसा ‘एफ’सारखा दिसतो, हे सर्च बॉक्स सांगत नाही. यासाठी कोणी पंथात यायची अट घालत नाही.

१८७० च्या भिंतीलाही आता काही खिडक्या पडल्यात. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्यांसाठी एक बँक निघाली होती. ती १८७४ मध्ये बुडाली, पण तिच्या खातेवह्यांत खातेदाराचे आई-बाप, भावंडं, कधीकधी जुन्या मालकाचंही नाव आहे. त्या वह्यांतली सुमारे ४ लाख ८० हजार नावं युटाच्या तुरुंगातल्या कैद्यांनी ११ वर्षं बसून उतरवली आणि २००१ मध्ये ती खुली झाली. मग मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याची, फ्रीडमेन्स ब्युरोची पाळी आली. लग्नं, मजुरीचे करार, धान्यवाटप, तक्रारी. २०१६ पर्यंत २५ हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी त्यातली सुमारे १८ लाख नावं शोधण्याजोगी केली.

त्याच्याही मागे जायचं तर एकच रस्ता, मालकाचे कागद. मृत्युपत्र, वाटणीपत्र, गहाणखत, कराच्या याद्या. घोडा, गाय, पलंग आणि त्याच ओघात टोबी किंवा किझी. पूर्वी यासाठी काउंटीच्या कोर्टात जाऊन जाडजूड बाडं पानापानाने चाळावी लागायची. २०२४ पासून फॅमिलीसर्चवर अशा जुन्या हस्तलिखित दस्तांतला पूर्ण मजकूर एआयच्या मदतीने शोधता येऊ लागला आहे. टोबी आणि वॉलर असे दोन शब्द एकत्र टाकून शोधायची सोय हेलींना असती तर १७६८ च्या दस्ताआधीचे कागदही कदाचित त्याच दुपारी समोर आले असते.

पण तेच यंत्र उलटंही चालतं. साइटवर झाड बनवायला घेतलं की ती स्वतःहून सुचवू लागते : हा तुमचा खापरपणजोबा असू शकतो. नाव जुळलेलं असतं, साल जवळपासचं असतं, एक क्लिक केलं की पिढी वाढते. कोणी दुसऱ्याने केलेली चूक आपल्या झाडात येते, आपल्या झाडातून तिसऱ्याच्या. फॅमिलीसर्चचं झाड तर सगळ्यांचं मिळून एकच आहे, त्यात कोणीही बदल करू शकतो. हेलींना एका टोबीपर्यंत पोहोचायला गांबिया, लंडन आणि व्हर्जिनिया पालथं घालावं लागलं. आज जेवण होईपर्यंत दहा टोबी सापडतात. त्यामुळे अनुभवी मंडळी सांगतात ती पद्धत साधी आहे. आपल्यापासून सुरुवात करायची, एकेक पिढी मागे जायचं, नाव जुळलं की त्या माणसाचे आधीचे आणि नंतरचे कागद काढायचे, आणि तो आपला माणूस नसेल तर ते कशावरून कळेल हेही शोधायचं. साइटवरची सूचना म्हणजे शोधाची सुरुवात, पुरावा नाही.

डीएनए काय सांगतो?

हेली १० फेब्रुवारी १९९२ रोजी सिॲटल शहरात हृदयविकाराने गेले. कर्ज एवढं होतं की त्याच वर्षी त्यांच्या मालमत्तेचा लिलाव झाला. त्यात कागदपत्रं आणि हस्तलिखितंही विकली गेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे जुने कागद शोधणाऱ्या माणसाचे स्वतःचे कागद असे विखुरले. काही आता टेनेसी विद्यापीठात आहेत. हेलींना हेनिंगमध्ये आजोबांच्या घराच्या अंगणातच पुरलं आहे. ते घर आता राज्य सरकारचं स्मारक आहे, ओसरीसकट.

सोशल मीडियावर अधूनमधून कोणीतरी विचारतं, मग डीएनए चाचणी करून कुंटा किंटेचा निकाल का लावत नाहीत? कारण या वंशात ती चाचणी नेमकी अडचणीची आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून मुलांकडे. हेलींच्या साखळीत आफ्रिकन पुरुष, मग मुलगी किझी, मग मुलगा जॉर्ज, मग टॉम, मग मुलगी सिंथिया, तिची मुलगी बर्था, आणि मग ॲलेक्स. दोन्ही धागे वाटेतच तुटतात. उरतो तो सर्व पूर्वजांकडून मिसळून येणारा डीएनए, आणि सहा पिढ्यांमागच्या एका माणसाचा त्यातला वाटा सरासरी ६४ वा भाग, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. तो जुळवायचा तर पलीकडे गांबियात त्याच घराण्यातला खात्रीचा वंशज हवा. मुळात अडलंय ते तिथेच.

वडिलांच्या बाजूला मात्र धागा अखंड होता. हेलींच्या एका पुतण्याने वाय गुणसूत्राची चाचणी केली, तेव्हा जुळणारं घराणं निघालं स्कॉटलंडमधलं. वडिलांच्या आजोबांच्या पिढीत एक गोरा मुकादम होता असं हेलींच्या घरात पूर्वीपासून सांगितलं जायचं.

जुफुरेजवळच्या नदीतल्या ज्या बेटावर गुलामांना ठेवलं जायचं, त्याचं नाव आधी जेम्स बेट होतं. २००३ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. २०११ मध्ये गांबियाने त्याचं नाव बदललं. आता ते कुंटा किंटे बेट आहे.